सोळा जागांचे गणित : महापालिका समित्यांतील पक्षनिहाय वाटपाची रीत

मीरा रोड पूर्वेकडील हाटकेश परिसरातील रस्त्याचे काँक्रिटीकरण असो, गटार रुंद करण्याचे काम असो वा नव्या जलवाहिनीचा प्रस्ताव असो. मोठ्या रकमेच्या निविदेला मंजुरी मिळते ती महानगरपालिकेच्या स्थायी समितीत. मीरा-भाईंदरचे मतदार ९५ नगरसेवक निवडून देतात. पण शहराच्या तिजोरीच्या किल्ल्या त्यांतील केवळ १६ जणांच्या हाती असतात. हे १६ जण कोणत्या पक्षाचे किती असावेत, हे मतदार ठरवीत नाहीत. ते ठरते एका भागाकाराने. प्रत्येक निवडणुकीनंतर 'तौलनिक संख्याबळ' हा शब्द वृत्तपत्रांत येतो, गटनोंदणीची धावपळ सुरू होते, क्वचित प्रकरण न्यायालयात जाते. सामान्य नागरिकाला मात्र हे सारे राजकीय डावपेच वाटतात. वस्तुतः या वाटपाची रीत कायद्यात लिहिलेली आहे आणि ती पडताळून पाहण्यासाठी कागद-पेन्सिल पुरेशी आहे.

स्थायी समिती महत्त्वाची का?

मुंबई वगळता राज्यातील महापालिकांचा कारभार १९४९च्या अधिनियमानुसार चालतो. पूर्वी 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम' या नावाने ओळखला जाणारा हा कायदा आता 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम' म्हणून ओळखला जातो. (मुंबई महापालिकेसाठी १८८८चा स्वतंत्र कायदा आहे.) १९८५ पासून नगरपालिका असलेल्या मीरा-भाईंदरला २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिकेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून हाच अधिनियम या शहराला लागू झाला.

अधिनियमाच्या कलम २० नुसार सार्वत्रिक निवडणुकीनंतर महापालिका आपल्या सदस्यांतून १६ जणांची स्थायी समिती नेमते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांतील निम्मे, म्हणजे आठ सदस्य चिठ्ठी टाकून निवृत्त होतात. पुढे दरवर्षी जुने आठ जाऊन नवे आठ येतात. आयुक्तांनी तयार केलेले अंदाजपत्रक प्रथम याच समितीपुढे मांडले जाते. ठरावीक रकमेवरील कंत्राटांना तिचीच मान्यता लागते. म्हणूनच महापौरपद मानाचे आणि स्थायी समितीचे सभापतिपद अधिकाराचे, असे पालिका वर्तुळात म्हटले जाते.

या समितीतील जागा साध्या बहुमताने भरावयाच्या ठरविल्या, तर काय होईल, याचा विचार केल्यास कायद्यातील सूत्राची गरज ध्यानात येते. ९५ पैकी ४८ नगरसेवक ज्याच्या बाजूला, तो पक्ष प्रत्येक जागेसाठी हात वर करून सोळाच्या सोळा जागा घेऊ शकेल. उरलेल्या ४७ नगरसेवकांना, आणि त्यांना मत देणाऱ्या जवळपास निम्म्या शहराला, निविदांची कागदपत्रे पाहण्यासाठी समितीत एकही जागा मिळणार नाही. हे टाळण्यासाठी अधिनियमात कलम ३१-अ आहे.

कलम ३१-अ काय सांगते?

स्थायी समिती, परिवहन समिती, कलम ३० खालील विशेष समित्या आणि कलम ३१ खालील तदर्थ समित्या यांवरील नगरसेवकांची नियुक्ती नामनिर्देशनाने करावी आणि ती करताना सभागृहातील पक्ष व गट यांचे तौलनिक संख्याबळ शक्य तितके जवळून प्रतिबिंबित व्हावे, असा या कलमाचा आशय आहे. सभागृह नेता, विरोधी पक्षनेता आणि प्रत्येक पक्षाचा वा गटाचा नेता यांच्याशी विचारविनिमय करण्याची अटही त्यात आहे. व्यवहारात प्रत्येक गटनेता आपल्या वाट्याच्या जागांसाठीची नावे बंद लिफाफ्यात पीठासीन अधिकाऱ्यांकडे देतो आणि महासभेत ती वाचून दाखविली जातात.

वाटपाचे सूत्रही कलमातच दिलेले आहे. त्याच्या चार पायऱ्या अशा :

१) सभागृहातील एकूण नगरसेवकांच्या संख्येला समितीच्या सदस्यसंख्येने भागावे.
२) येणाऱ्या भागाकाराने प्रत्येक पक्षाच्या वा गटाच्या नगरसेवकांच्या संख्येला भागावे. हे त्या पक्षाचे तौलनिक संख्याबळ.
३) त्यातील पूर्णांकाइतक्या जागा प्रत्येकाला प्रथम द्याव्यात.
४) उरलेल्या जागा ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला पहिली, त्याखालोखाल असेल त्याला दुसरी, अशा उतरत्या क्रमाने एकेक द्याव्यात.

मीरा-भाईंदरचे उदाहरण

ऑगस्ट २०१७ मधील मीरा-भाईंदर महापालिकेच्या निवडणुकीत ९५ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला ६१, तेव्हाच्या अविभाजित शिवसेनेला २२, काँग्रेसला १० आणि अन्य उमेदवारांना दोन जागा मिळाल्या होत्या. हे आकडे सूत्रात घालून पाहता येतात.

९५ भागिले १६ म्हणजे ५.९४. साधारण सहा नगरसेवकांमागे समितीत एक जागा, असा हा भाव झाला. त्यानुसार भाजपचे तौलनिक संख्याबळ १०.२७, शिवसेनेचे ३.७१ आणि काँग्रेसचे १.६८ येते. पूर्णांकानुसार भाजपला १०, शिवसेनेला तीन आणि काँग्रेसला एक, अशा १४ जागा वाटल्या जातात. दोन जागा उरतात. सर्वांत मोठा अपूर्णांक शिवसेनेचा (०.७१), त्याखालोखाल काँग्रेसचा (०.६८). भाजपचा ०.२७ मागे पडतो. त्यामुळे अंतिम वाटप भाजप १०, शिवसेना चार आणि काँग्रेस दोन असे होते.

सभागृहातील हिश्शाशी हे वाटप ताडून पाहावे. भाजपचे सभागृहात ६४.२ टक्के सदस्य, समितीत ६२.५ टक्के. शिवसेनेचे सभागृहात २३.२ टक्के, समितीत २५ टक्के. काँग्रेसचे १०.५ टक्के, समितीत १२.५ टक्के. कोणाचाही वाटा अडीच टक्क्यांहून अधिक सरकलेला नाही. बहुमत बहुमतच राहिले आणि विरोधकही बाहेर राहिले नाहीत.

हे सूत्र जगात 'सर्वांत मोठ्या शेषाची पद्धत' म्हणून ओळखले जाते. अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यांना प्रतिनिधिगृहातील जागा वाटण्यासाठी ते सुचविले होते. १७९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हीच पद्धत वापरली गेली. युरोपातील अनेक देश मात्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन विधिज्ञ व्हिक्टर द'होंट यांच्या नावाची पद्धत वापरतात. तीत पक्षांच्या संख्येला क्रमाने १, २, ३, ४ असे भागत जाऊन सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा देतात. ती पद्धत मीरा-भाईंदरच्या २०१७च्या आकड्यांना लावली, तर वाटप भाजप ११, शिवसेना चार, काँग्रेस एक असे होते. म्हणजे नगरसेवक तेवढेच, मतदारांचा कौल तोच. केवळ भागाकाराची रीत बदलली की एक जागा लहान पक्षाकडून मोठ्या पक्षाकडे जाते. महाराष्ट्राने स्वीकारलेली रीत लहान पक्षांना तुलनेने सांभाळून घेणारी आहे.

समितीचा आकार बदलला की वाटा बदलतो

स्थायी समितीची सदस्यसंख्या कायद्याने निश्चित आहे. विशेष समित्यांचा आकार मात्र वेगवेगळा असू शकतो आणि त्याचा परिणाम वाटपावर होतो. वरीलच संख्याबळात समिती १५ जणांची केली, तर भाजप ९.६३, शिवसेना ३.४७ आणि काँग्रेस १.५८ असे तौलनिक संख्याबळ येते. पूर्णांकांच्या १३ जागा वाटून झाल्यावर उरलेल्या दोन जागा भाजप व काँग्रेसला जातात आणि वाटप १०-३-२ होते. समितीतील एक खुर्ची कमी झाली आणि ती नेमकी शिवसेनेची गेली. समिती १२ जणांची असेल तर वाटप ८-३-१ होते. तेथे एक जागा काँग्रेसची घटते. समिती नऊ जणांची असेल तर ६-२-१. म्हणून समितीची सदस्यसंख्या ठरविणारा ठराव वरकरणी प्रशासकीय दिसला, तरी गटनेते तो मंजूर होण्यापूर्वी आकडेमोड करून पाहतात.

आघाडी आणि एका महिन्याची मुदत

दोन-तीन सदस्यांच्या लहान पक्षाला किंवा एकट्या अपक्षाला या गणितात स्वबळावर जागा मिळणे कठीण असते. मीरा-भाईंदरच्या सोळा जणांच्या समितीत एका नगरसेवकाचे तौलनिक संख्याबळ केवळ ०.१७ भरते. यावर कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत. कोणत्याही पक्षात वा गटात नसलेल्या सदस्याला समितीवर घेण्यास महापालिकेला मज्जाव नाही, ही पहिली. निवडणूक निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पक्ष, गट वा अपक्ष यांना एकत्र येऊन आघाडी स्थापन करता येते, ही दुसरी. अशी आघाडी नोंदविल्यावर ती निवडणूकपूर्व आघाडीसारखीच मानली जाते आणि तिच्या सदस्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा पक्षांतरबंदीचा कायदा लागू होतो. मीरा-भाईंदर कोकण विभागात येत असल्याने येथील गटनोंदणी विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात होते. निकालानंतरच्या दिवसांत नवनिर्वाचित नगरसेवकांच्या बसगाड्या तेथे जाताना दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

आघाडीने प्रत्येक वेळी लाभ होतोच असे नाही. २०१७च्या आकड्यांत काँग्रेसच्या १० सदस्यांमध्ये अन्य दोघांची भर घातली, तर त्या गटाचे तौलनिक संख्याबळ २.०२ होते. वाटप पुन्हा १०-४-२ असेच राहते. फरक इतकाच की, काँग्रेसची दुसरी जागा अपूर्णांकाच्या भरवशावर न राहता पूर्णांकाने पक्की होते. हा फरक क्षुल्लक नाही. अपूर्णांकावर मिळालेली जागा सभागृहातील एखाद-दुसऱ्या बदलाने हातची जाऊ शकते.

एक महिन्याची ही मुदत कितपत कडक, असा प्रश्न उल्हासनगर महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मुदत उलटल्यानंतर जुळविलेल्या नव्या आघाडीला समित्यांचे गणित बदलता येणार नाही, हे २०१२च्या त्या निकालाचे सार. तसे नसते, तर दरवर्षी आठ सदस्य निवृत्त होण्याच्या सुमारास नव्या आघाड्या उभ्या राहिल्या असत्या आणि मतदारांच्या कौलाऐवजी त्या महिन्यातील फोडाफोडीचेच प्रतिबिंब समितीत पडले असते.

एका सदस्याने बहुमत फिरते

अपूर्णांकाचे महत्त्व किती, हे नाशिकच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेच्या १२२ जागांपैकी भाजपला ६६, शिवसेनेला ३५, काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसला प्रत्येकी सहा, मनसेला पाच आणि रिपब्लिकन पक्ष व अपक्ष मिळून चार जागा मिळाल्या. १२२ भागिले १६ म्हणजे ७.६२५. भाजपचे तौलनिक संख्याबळ ८.६६, शिवसेनेचे ४.५९, काँग्रेस व राष्ट्रवादीचे प्रत्येकी ०.७९ आणि मनसेचे ०.६६. पूर्णांकांच्या १२ जागांनंतर उरलेल्या चार जागा काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप आणि मनसे यांना गेल्या. वाटप झाले भाजप नऊ, शिवसेना चार आणि इतर तिघांना एकेक. सोळांत नऊ म्हणजे भाजपचे निर्विवाद बहुमत.

आता भाजपचा एकच सदस्य कमी झाला, असे धरून पाहावे. ६५ सदस्यांचे तौलनिक संख्याबळ ८.५२ होते. हा अपूर्णांक शिवसेनेच्या ०.५९ पेक्षा लहान. चौथी उरलेली जागा शिवसेनेकडे जाते आणि भाजप आठवर येतो. सोळांत आठ म्हणजे बहुमत गेले. सभागृहात स्पष्ट बहुमत असूनही स्थायी समितीत सभापतिपदासाठी दुसऱ्याच्या पाठिंब्याची गरज निर्माण होते. नाशिकमध्ये हे केवळ कागदावर राहिले नाही. मधल्या काळात जागा रिक्त झाल्या, पोटनिवडणुका झाल्या आणि बदललेल्या संख्याबळानुसार वाटप व्हावे यासाठी वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये समितीतील भाजपच्या जागा नऊवरून आठ झाल्या आणि शिवसेनेच्या पाच.

यावरून दिसते की, सूत्राबद्दल सहसा वाद होत नाही. वाद होतो तो संख्याबळ कोणत्या दिवशीचे धरावयाचे, रिक्त जागा मोजावयाच्या की नाहीत आणि गट कोणता मानावयाचा, यावर.

पंचच खेळाडू असेल तर?

कलम ३१-अ मधील सर्वांत नाजूक जागा त्याच्या शेवटी आहे. कोणत्या पक्षाने किती सदस्य द्यावयाचे याविषयी प्रश्न उपस्थित झाल्यास महापालिकेचा निर्णय अंतिम राहील, असे तिसरे उपकलम सांगते. महापालिकेचा निर्णय म्हणजे महासभेचा निर्णय आणि महासभेचा निर्णय म्हणजे बहुमताचा निर्णय. ज्या बहुमतापासून अल्पसंख्य गटांना संरक्षण द्यावयाचे, त्याच्याच हाती वादाचा निवाडा सोपविलेला आहे. अर्थात सूत्र कायद्यात आकड्यांनिशी दिलेले असल्याने महासभेला मनमानी करण्यास फारसा वाव उरत नाही, आणि सूत्राचा भंग झाल्यास उच्च न्यायालयाचा दरवाजा खुला असतो. परंतु न्यायालयात जाणे वेळखाऊ असते. वर्षाला निम्मे सदस्य बदलणाऱ्या समितीत निकाल लागेपर्यंत वर्ष सरलेले असू शकते आणि त्या काळात मंजूर झालेल्या निविदांची कामे सुरू झालेली असतात. म्हणून प्रत्येक गटाचे तौलनिक संख्याबळ आकडेमोडीसह नेमणुकीपूर्वीच जाहीर करणे, हाच वाद टाळण्याचा सोपा उपाय ठरतो.

पक्षाला न्याय, परिसराला काय?

या सूत्राची आणखी एक मर्यादा हाटकेशसारख्या परिसरातील नागरिकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ते पक्षांना वाटा देते, परिसरांना नाही. २०१७ मध्ये मीरा-भाईंदरचे ९५ नगरसेवक २४ प्रभागांतून निवडून आले होते. स्थायी समितीचे सोळाही सदस्य वेगवेगळ्या प्रभागांतील घेतले, तरी किमान आठ प्रभागांना त्या वर्षी प्रतिनिधी मिळत नाही. गटनेत्याने आपल्या वाट्याची नावे कोणत्या भागातून द्यावीत, याबाबत कलम ३१-अ मौन बाळगते. कारखाने आणि गृहसंकुले शेजारी शेजारी असलेल्या हाटकेशचे प्रश्न जाणणारा नगरसेवक समितीत आहे की नाही, हे संबंधित पक्षाच्या अंतर्गत निर्णयावर अवलंबून राहते.

ही उणीव काही अंशी प्रभाग समित्या भरून काढतात. अधिनियमाच्या कलम २९-अ खालील या समित्यांमध्ये त्या त्या क्षेत्रातील निर्वाचित नगरसेवक आपोआप सदस्य असतात. तेथे पक्षनिहाय वाटपाचा प्रश्न येत नाही. मात्र प्रभाग समितीचे आर्थिक अधिकार मर्यादित असतात. मोठ्या खर्चाचा प्रस्ताव अखेर सोळा जणांच्या समितीपुढेच जातो.

स्वीकृत नगरसेवकांची गोष्ट वेगळी. तेही पक्षांच्या संख्याबळानुसारच नेमले जातात. परंतु त्यांना मतदानाचा अधिकार नसतो आणि महापौर किंवा समिती सभापती होता येत नाही.

समित्याच नसल्या तर

वाटप न्याय्य आहे की अन्याय्य, हा प्रश्न समिती अस्तित्वात असेल तेव्हाचा. मीरा-भाईंदर महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर राज्यातील इतर अनेक महापालिकांप्रमाणे येथेही प्रशासक नेमण्यात आले. महासभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले. प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मंजुरी देणारे कार्यालय एकच झाले. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ ही स्थिती होती. त्या काळात प्रस्तावाची प्रत मागणारा, त्यावर हरकत घेणारा आणि विरोध नोंदविणारा निर्वाचित सदस्य समितीच्या टेबलाभोवती नव्हता. सोळांपैकी दोन-तीन जागा असलेल्या विरोधी गटाला ठराव अडविता येत नाही हे खरे. पण कागद त्याच्याही हाती येतो आणि त्याचा विरोध इतिवृत्तात नोंदविला जातो. तौलनिक संख्याबळाचे सूत्र त्या गटाला सत्ता देत नाही, उपस्थिती देते. या उपस्थितीचे मोल ती नसताना अधिक कळते.

नागरिकांना काय पाहता येईल?

समित्यांची स्थापना झाली की तीन गोष्टी तपासता येतात. पहिली, महासभेत जाहीर झालेली पक्षनिहाय सदस्यसंख्या वरील चार पायऱ्यांशी जुळते का. दुसरी, आघाडीची नोंदणी एका महिन्याच्या मुदतीत झाली आहे का. तिसरी, दरवर्षीच्या निवृत्तीनंतर नव्याने येणारे आठ सदस्य त्याच प्रमाणात आहेत का. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांचा तपशील आणि त्यांची इतिवृत्ते नागरिकांना पाहावयास मिळतात किंवा कसे, याची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. ती प्रसिद्ध नसेल, तर अर्ज करून मागता येते. ९५ भागिले १६ हा भागाकार शाळकरी मुलालाही करता येईल; तो बरोबर झाला की नाही, हे पाहण्याचा अधिकार मात्र शहरातील प्रत्येक नागरिकाचा आहे.